मोडलेल्या काडीचा दाखला

अर्जदार : बडोदे शहरी राहणारा, कचेरीच्या आवारात अर्ज लिहिण्याचा धंदा करणारा; वय मध्यम, प्रकृती बरी, मन त्रस्त. नाव देत नाही. कचेरीतल्या सर्वांना ते ठाऊक आहे, आणि इतरांना त्याचा उपयोग नाही.

सामनेवाले : एक, लग्ने नोंदणारी कचेरी. दोन, न्यायाची कचेरी. तीन, एका जातीची पंचमंडळी. तिघेही याच शहरात, एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर.

तारीख : श्रीमंत सरकारांनी हिंदूंच्या लग्नविच्छेदाचा निबंध, म्हणजे कायदा, केला, त्यानंतरची. पंचांपुढे काडी मोडली ती तारीख त्याच्या पुष्कळ आधीची. ती कोणी लिहून ठेवली नाही, आणि सर्व तक्रार तेथूनच उत्पन्न होते.

साक्षीदार : मुलींच्या शाळेत शिवण शिकवणारी एक बाई, तिचा पूर्वीचा नवरा, त्याची आताची बायको, पंचांचे पुढारी, आणि गवताची एक काडी, जी हजर करणे आता शक्य नाही.

मजकूर येणेप्रमाणे.

मी मराठी पाचवी पुरी केली आणि सहावी अर्धी. अर्धी राहिली ती वडील पागेच्या नोकरीत असता अकाली वारले म्हणून. बुद्धी तोकडी पडली म्हणून नव्हे. पुढचे शिक्षण मी कचेरीच्या ओट्यावर बसून घेतले, आणि जे वकील मुंबईहून पदवी घेऊन येतात त्यांना तरी मी यापेक्षा दुसरे काय शिकताना पाहिले? कचेरीची भाषा गुजराती, घरची मराठी. मी विचार मराठीत करतो, अर्ज गुजरातीत उतरवतो, आणि अर्जाच्या शेवटी जी विनंती येते ती अशी बांधतो की नाही म्हणणाऱ्याला दोनदा वाचावे लागते. एका शिरस्तेदारांनी मला स्वतः सांगितले आहे की माझा कागद हाती आला म्हणजे ते आधी चष्मा पुसून घेतात. आत्मस्तुती करण्याचा माझा स्वभाव नाही. पुढे जे घडले ते कोणाच्या हातून घडले हे वाचणाऱ्यास कळावे, एवढ्यासाठीच हे नमूद करतो.

ती बाई प्रथम आली तेव्हा एकटी आली. हातात छत्री, डोक्यावरून नीट पदर, पायांत वहाणा. आमच्या वस्तीतलीच, सासर-माहेर दोन्हीकडे बापजादे शिपाईगिरी केलेले. बायका अर्ज लिहवायला येतात त्या भावाच्या नाही तर दिराच्या मागे उभ्या राहून येतात. ही समोर बसली.

"काका, अर्ज लिहायचा आहे."

"कोणाविरुद्ध?"

"कोणाविरुद्ध नाही."

"कोणाविरुद्ध नसलेला अर्ज कचेरीत उभा राहत नाही, बाई."

"मग तुम्हीच शोधा कोणी तरी," ती म्हणाली. "मला तर भांडायला कोणी सापडत नाही. तेच तर दुखणं आहे."

हकिगत अशी. तिचे लग्न लहानपणी जातीच्या रीतीने झाले. नवरा रिसाल्यात घोड्यांकडे होता. ती शहाणी होऊन नांदायला गेली. पण तिला शाळा सोडायची नव्हती आणि त्याला म्हशी राखणारी बायको हवी होती. मारहाण नाही, व्यसन नाही, दागिन्यांचा तंटा नाही. दोघांनी मिळून पंचांना गाठले आणि देवळाच्या पारावर काडीमोड झाली. ज्यांच्या जातीत ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : नवऱ्याने पंचांसमक्ष गवताची काडी हातात घ्यायची, मोडायची, दोन तुकडे दोन बाजूंना टाकायचे आणि म्हणायचे, 'तुझी वाट तुला, माझी मला.' झाले. लग्न सुटले. बाई हवे तर जातीत दुसरा पाट लावू शकते. शास्त्रीबुवांना हे आवडत नाही. पण आमच्याकडे ते असेच चालत आले आहे आणि सरकारच्या निबंधानेही ही रूढी मोडलेली नाही.

त्याने पुढे पाट लावला आणि गोत्रीच्या बाजूला म्हशी घेऊन राहिला. ती शिवणकाम शिकली, शाळेत लागली, भावाच्या घरी राहू लागली. आणि आता तिला लग्न करायचे होते. वर प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातला गुजराती कारागीर. जात वेगळी, भाषा वेगळी. पाट लागणे अशक्य, भटजी मिळणे त्याहून अशक्य. उरला तो एकच मार्ग : सरकारी नोंदणीचे लग्न. आणि त्याशिवाय तिला त्याच्या घरी पाऊल टाकता येत नव्हते, कारण शाळेच्या वरिष्ठांनी साफ सांगितले होते की कागदावाचून परपुरुषाच्या घरी राहणारी बाई मुलींना शिकवणार नाही.

"मग नोंदणीच्या कचेरीत जा. मजकडे कशाला?"

"जाऊन आले," ती म्हणाली. "तुम्हीही या एकदा."

गेलो. तिथला कारकून नागरवाड्यात राहणारा, माझ्या ओळखीचा. तपकिरीची डबी उघडल्याशिवाय तो कोणाला प्रश्न विचारत नसे. माझ्यादेखत त्याने तेच सगळे पुन्हा विचारले.

"बेन, पहिलं लग्न झालेलं?"

"झालं होतं."

"वर हयात?"

"आहे. गोत्रीला म्हशी राखतो."

"तर मग तुम्ही परणेली, लग्नाची बाई." त्याने चिमूट ओढली. "नोंदणीच्या लग्नाची पहिली शरत ती. जुना जोडीदार हयात नको."

"काडी मोडलेली आहे."

"त्याचा कागद?"

"काडी मोडताना कागद करत नाहीत."

"तर मी दप्तराला काय बांधू, बेन? काडी?"

मागे बसलेले दोन उमेदवार कारकून हसले. बाई हसली नाही. मी कारकुनाला बाजूला घेऊन रूढी, निबंध आणि न्यायतत्त्व या तिन्ही अंगांनी समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, तुमी बोलता ते मला आवडतं. पण ते कागदावर नाही."

बाहेर एका वकिलाने, कोणी न विचारता, सल्ला दिला की रकान्यात 'कुमारी' लिहून मोकळे व्हा. बाईने छत्री उघडली. "खोटं लिहून संसार थाटायचा असता तर कागदाच्या मागे कशाला लागले असते?" असे म्हणून ती उन्हात चालू लागली. वकील माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

मग मी माझ्या पद्धतीने काम हाती घेतले. निबंधाप्रमाणे न्यायाच्या कचेरीला लग्न विच्छिन्न करण्याचा अधिकार आहे. तर मग तिथूनच हुकूम घ्यावा, म्हणजे काडीचा प्रश्नच उरत नाही. अर्ज असा लिहिला की त्याची नक्कल मी आजही जपून ठेवली आहे. न्यायाधीश भले गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला की नाही ते मला दिसले नाही, पण वाचले लक्षपूर्वक.

"बाई, तुमच्या जातीत काडीमोड चालते?"

"चालते."

"तुमची झाली?"

"झाली."

"तर मग तुम्हाला नवरा नाही. नसलेले लग्न मी कसे तोडू? तुटलेला दोर पुन्हा कापायला मजकडे सुरी नाही." आणि त्यांनी अर्ज परत केला. शेऱ्यात लिहिले की, अर्जदार बाईच्याच म्हणण्याप्रमाणे रूढीने तिचे लग्न सुटलेले असल्याने या कचेरीने करण्यासारखे काही उरत नाही.

प्रथम मला हा पराभव वाटला. जिना उतरता उतरता हा विजय आहे असे लक्षात आले. न्यायाची कचेरीच म्हणते की नवरा नाही! मी त्याच पावली शेऱ्याची नक्कल घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेलो आणि कारकुनाच्या मेजावर ठेवली. ठेवताना, कबूल करतो, जरा जोराने ठेवली.

त्याने डबी उघडली. वाचले. पुन्हा वाचले.

"काका, यात लिहिलंय, 'बाईच्या म्हणण्याप्रमाणे'."

"मग?"

"मग काय! साहेबांनी बाईचं म्हणणं बाईलाच परत दिलं. काडी मोडली हे साहेब कुठे म्हणतात? त्यांनी तपास केला? साक्ष घेतली?"

मी त्याला विचारले की एकच सरकार, एकाच रस्त्यावर, एका खोलीत जिला सुटलेली म्हणते तिला दुसऱ्या खोलीत बांधलेली कसे म्हणते? तो म्हणाला, "काका, दोन खोल्यांना दोन दरवाजे असतात." त्याचे हे उत्तर त्याला फार आवडले असावे, कारण त्याने ते शेजारच्या कारकुनालाही सांगितले.

जिला जातिरूढी म्हणून मान द्यायचा तिचा पुरावा मागायचा नाही, आणि जिचा पुरावा मागायचा तिला कागदाशिवाय मान द्यायचा नाही, अशा दोन शहाणपणांच्या मध्ये ती शिवण शिकवणारी बाई उभी होती. माझा संताप अनावर झाला होता. तिचा दिसत नव्हता. तिने फक्त विचारले, "आता पंच?"

आता पंच. पुढारी म्हणजे आमच्या वस्तीतले वजनदार गृहस्थ. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्यांच्या ओटीवर मी रीतीप्रमाणे प्रकृतीची विचारपूस केली आणि मग दोन ओळींचा दाखला मागितला : अमक्या बाईची काडीमोड आमच्यासमक्ष झाली, इतकेच.

"लिहून?" ते म्हणाले. "पंचांनी लिहून द्यायचं? आमच्या आजोबांनी दिलं नाही, वडिलांनी दिलं नाही. पंचाचा शब्द हाच दस्तऐवज."

"आबा, शब्द नोंदणीच्या कचेरीत चालत नाही."

"तर ती कचेरी चालू नये!" मग जरा खाली वाकून म्हणाले, "आणि कशासाठी हवा, ते मला माहीत आहे. कारखान्यातल्या परजातीच्या माणसाकडे जायला. जातीत पाट लावते म्हण, दाखला कशाला, मी स्वतः तांदूळ टाकायला येतो."

बाई दाराशी उभी होती. "आबा, काडी मोडली होती ना?"

"मोडली होती."

"मग तेवढंच लिहा."

"तेवढंच लिहिलं तर उद्या वस्तीतली प्रत्येक पोर तो कागद घेऊन नोंदणीला पळेल. लिहिणार नाही. फार तर काडी पुन्हा मोडून देतो, कचेरीतला माणूस आणून बसवा समोर."

मला क्षणभर आशा वाटली. पण आबा लगेच म्हणाले, "मात्र मोडलेली काडी मोडता येत नाही. आधी हिने त्याच्या घरी नांदायला जावं. मग मोडू."

ओटीवर जमलेल्यांना हा मोठा विनोद वाटला. आम्ही उठलो. रस्त्यात बाई पहिल्यांदाच मनातले बोलली. "काका, न्यायाधीश म्हणतात सुटली, कारकून म्हणतो बांधली, आबा म्हणतात सुटली पण सांगणार नाही. प्रतापनगरला त्यांची आई म्हणते, सरकारी छाप दाखव आणि उंबरा ओलांड. माझी वहिनी तर काही म्हणतच नाही. नुसती माझ्या ट्रंकेकडे बघते. मी शाळेत मुलींना उसवायला शिकवते. शिवण चुकली तर उसवून पुन्हा घालता येते. इथं उसवलेलं कोणाला दिसतच नाही."

मी तिला धीर दिला. खरे सांगायचे तर त्या वेळी धीर देण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

उपाय मला सुचवला, न सुचवता, तिच्या पूर्वीच्या नवऱ्याने. तो शहरात पेंड न्यायला आला होता. कोणाकडून तरी कळले म्हणून माझ्या जागेवर आला. अंगाने आडवा, चेहऱ्याने निवांत.

"मास्तरीणबाईंचं काम अडलं म्हणे माझ्यामुळं," तो म्हणाला. तो तिला मास्तरीणबाईच म्हणत असे. "मी येतो की साक्षीला. सांगतो, मोडली म्हणून."

"तू आणि ती दोघे एकच बोलता, हीच तर अडचण. दोघे एकमताने लग्न सुटले म्हणाले की कचेरीला कपट दिसते."

"म्हणजे भांडलो असतो तर बरं झालं असतं?"

तो सहज बोलून गेला. मी लेखणी खाली ठेवली. माझ्या धंद्यात माणसाला एक गोष्ट कळते, जी पदवीवाल्यांना कळत नाही : कचेरी विनंतीवर सत्य ठरवत नाही, तंट्यावर ठरवते. आणि पंच दाखल्यासाठी तोंड उघडत नाहीत. त्यांना कोणी खोटे पाडले की उघडतात.

तेव्हा मी अर्ज लिहिला तो तिचा नव्हे, त्याचा. तिच्याविरुद्ध. त्यात एक अक्षर खोटे नाही, हे आजही शपथेवर सांगेन. लिहिले की : प्रतिवादी बाईशी अर्जदाराचे लग्न झाले; ते सुटल्याचा कोणताही लेख नाही; प्रतिवादी अर्जदाराचे घरी नांदत नाही; तरी ती अर्जदाराची पत्नी आहे किंवा नाही याचा निवाडा होऊन, असल्यास तिला नांदावयास पाठवावे. पुरावा म्हणून पंचांना बोलवावे.

मी तो बाईला वाचून दाखवला. 'नांदावयास पाठवावे' येथे ती थांबली.

"आणि साहेबांनी 'जा' म्हटलं तर?"

"म्हणणार नाहीत."

"कशावरून?"

मी कायद्याचे दोन शब्द बोललो. ती ऐकत नव्हती. मी बोलून जे सांगत नव्हतो तेच ती ऐकत असावी. पंच आलेच नाहीत, किंवा आबांनी रागापोटी 'आठवत नाही' म्हटले, तर जे लग्न संपले होते ते न्यायाच्या छापाने पुन्हा जिवंत होणार होते, आणि तिची शाळा, तिचा कारागीर आणि तिचा संसार सगळेच गोत्रीच्या गोठ्यात जाऊन पडणार होते. ती छत्रीच्या दांड्याशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "घाला."

अर्ज दाखल झाला आणि दुसरे संकट वाऱ्यासारखे आले. डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन एक बाई आवारात शिरली आणि विचारू लागली, "तो लिहिणारा कोण?" लोकांनी माझ्याकडे बोट दाखवले, असल्या वेळी लोक फार तत्पर असतात. तिने पेंढी माझ्या चौरंगावर टाकली. शाई सांडली.

"माझा नवरा पहिलीला परत मागतोय, हे तुम्ही लिहिलंत? एक घरात आहे ती पुरत नाही का त्याला?"

"बाई, मागत नाही. म्हणजे मागतो, पण मिळू नये म्हणून मागतो."

"हे मराठीत सांगा."

मी सांगितले. पुन्हा सांगितले. तिने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे ती सुटलीये हे कळावं म्हणून ती माझ्या घरात यायला हवी असं लिहायचं? कचेरीत बसून डोकं असं होतं का माणसाचं?" तिच्या या म्हणण्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. शेवटी ती म्हणाली, "ठीक. पण मी त्या दिवशी येणार. त्यानं तोंडातून 'हवी' असा शब्द काढला तर बघा." आणि पेंढी उचलून गेली. शाईचा डाग चौरंगावर आहे.

आबाही आले. त्यांना हजर राहण्याचा हुकूम मिळाला होता आणि त्यातला मजकूर कोणी तरी वाचून दाखवला होता. मिशा थरथरत होत्या.

"तो म्हणतो काडीचा लेख नाही? म्हणजे आम्ही पारावर बसून काय केलं? गवत खाल्लं?"

"आबा, मी काय सांगू. जे सांगायचं ते कचेरीत सांगा. शब्द हाच दस्तऐवज."

ते तसेच परत फिरले. डाव त्यांच्या लक्षात आला होता की काय, मला अजून कळलेले नाही. पण अपमान लक्षात आला होता, आणि माझे काम तेवढ्यावर भागणार होते.

सुनावणीच्या दिवशी बाई भिंतीला टेकून उभी होती. तिचा कारागीर कारखान्यातून रजा घेऊन आला होता. काळे झालेले नखांचे कोपरे लपवायला हात पाठीमागे धरून दाराबाहेर उभा. म्हशीवाल्याची बायको अगदी पुढे.

न्यायाधीशांनी वादीला विचारले, "ही तुझी बायको आहे, असे तुझे म्हणणे?"

"माझं म्हणणं काही नाही, साहेब. कागद नाही म्हणून ठरवा, एवढंच."

"काडी मोडली होतीस की नाही?"

खोटे बोलायचे नाही आणि खरे बोलले की तंटा संपला, अशा टोकावर मी त्या साध्या माणसाला उभे केले होते. मागून बांगड्या वाजल्या. त्याने एकदा मागे पाहिले, एकदा भिंतीकडे पाहिले, आणि म्हणाला, "साहेब, काडी माझ्या हातात होती. मी तेव्हा खाली मान घालून होतो. नीट मोडली की नाही ते पंच सांगतील. तेच बघत होते."

"नीट मोडली की नाही?" आबा पिंजऱ्यात पोचण्याआधीच गरजले. "अरे, आम्ही डोळे मिटून बसलो होतो का? साहेब, लिहून घ्या! मारुतीच्या पाराची पूर्व बाजू. काडी कुशाच्या गवताची, ह्याच्या हाताला घाम, म्हणून पहिल्यांदा वाकली, मोडली नाही. मी म्हटलं, नखानं मोड. मग मोडली. एक तुकडा चिंचेकडे, एक रस्त्याकडे. त्यात वाऱ्यानं रस्त्याकडचा परत आला, तो मी माझ्या हातानं उचलून टाकला. ही पोर तिथं उभी, हिरवं लुगडं, रडली नाही. 'तुझी वाट तुला' हे ह्यानं म्हटलं, आणि 'माझी मला' म्हणताना गहिवरला, तेव्हा मी ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. अर्धवट काम आम्ही करत नाही!"

शिरस्तेदाराची लेखणी धावत होती. न्यायाधीशांनी हनुवटीवर हात ठेवला होता. हसू लपवण्यासाठी असावा.

"मग ही बाई मोकळी आहे, असे पंचांचे म्हणणे?"

आता आबांना दिसले. दारातला कारागीर दिसला, बाई दिसली, आणि बहुधा मीही दिसलो. मला वाटले, आता माघार घेतील. पण जे इतक्या तपशिलाने सांगितले ते परत कसे गिळणार?

"मोकळी," ते म्हणाले. "त्या दिवसापासून." आणि खाली उतरताना माझ्या शेजारून जाताना पुटपुटले, "लेखणी आहे की विळा?" ही माझ्या धंद्यातली सर्वांत मोठी पावती मी मानतो.

निवाडा झाला : रूढीप्रमाणे काडीमोड शाबीत, वादी-प्रतिवादी पतिपत्नी नाहीत, अर्ज नामंजूर. माझ्या हातचा अर्ज नामंजूर झाल्याचा आनंद मला आयुष्यात त्या एकदाच झाला.

कारकुनाने नक्कल वाचली. डबी उघडलीच नाही. "हां," तो म्हणाला, "हे चाललं," जणू इतके दिवस आम्हीच हट्ट धरून बसलो होतो.

हरकतीची मुदत निघून गेल्यावर नोंदणीचा दिवस आला. साक्षीदार हवे होते. जातीतला कोणी फिरकला नाही; भाऊ आला तो रस्त्यापलीकडे उभा राहिला. वराकडून कारखान्यातले दोन सोबती होते. वधूकडून मी एक. दुसरा कोण, याची काळजी चाललेली, तोच म्हशीवाला आणि त्याची बायको आली. बायकोने बाईच्या हातात झाकणाची बरणी दिली. घरचे तूप होते. म्हणाली, "आमच्यातून गेलीस ते नीट जा," आणि बाकावर जाऊन बसली.

म्हशीवाला मेजापुढे उभा राहिला. कारकुनाने लेखणी बुडवली.

"नाव?"

त्याने सांगितले.

"वधूशी नातं?"

आता 'पूर्वीचा नवरा' म्हणाला की कारकून लेखणी ठेवणार, डबी उघडणार, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. बाईचा हात कारागिराच्या बाहीवर गेला आणि तिथेच राहिला.

"नातं नाही, साहेब," तो म्हणाला. "तसा सरकारी कागद आहे."

कारकुनाने वर पाहिले. मग लिहिले : नाते नाही. त्याने सही केली, मी सही केली, बाईने सही केली. तिचे अक्षर आमच्या दोघांहून सुरेख. छाप पडली. ती कारागिरासोबत प्रतापनगरच्या रस्त्याला लागली. म्हशीवाला जिन्यावर उभा राहून, पार वळणापर्यंत, पाहत होता. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसले आणि म्हणाली, "चला, दूध काढायची वेळ झाली."

सबब सामनेवाल्यांस सविनय विनंती आहे की, एका बाईस ती कोणाची कोणी नाही हे सिद्ध करण्यासाठी आधी स्वतःवर नांदण्याचा दावा घ्यावा लागला, ज्याने एकदा सोडले त्याला तिला पुन्हा मागावे लागले, आणि जे पंचांना तोंडपाठ होते ते त्यांच्या तोंडातून काढण्यासाठी त्यांचा अपमान करावा लागला, याचा विचार व्हावा. जातीची काडी आणि सरकारची छाप यांनी एकमेकांना ओळखण्यासाठी कोणती रीत धरावी, हे तिन्ही ठिकाणांनी एकत्र बसून एकाच भाषेत ठरवावे. कारण आजच सकाळी आणखी एक बाई माझ्या चौरंगापुढे येऊन बसली आहे. मी तिला विचारले, कोणाविरुद्ध? ती म्हणाली, कोणाविरुद्ध नाही. तिला थांबवून ठेवले आहे. तरी उत्तर लेखी मिळावे, आणि ती उठून जाण्याआधी मिळावे.